पेटी पोचली, ताई

ग्रंथपाल ताई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या वार्षिक अहवालात तुमचं काम 'देवघेव' नावाच्या एका रकान्यात आटपतं. संस्था सभासदांच्या यादीत आमच्या वाडीवरच्या शाळेचं नाव येतं, पुढे वर्गणीची रक्कम, बस्स. उरलेलं कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हे जाहीर आभारपत्र. तुम्हाला संकोच वाटेल, पण इलाज नाही.

आमची शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. शाळेत पुस्तकं नव्हतीच असं नाही. शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. त्याप्रमाणे कपाट होतं आणि कपाटाला कुलूपही होतं. शिक्षक मंडळी हे वाचून गालात हसतील. पुस्तक हरवलं की रजिस्टरला उत्तर द्यावं लागतं. मग ते सगळ्यांत सुरक्षित कुठे, तर पोरांचा हात पोचणार नाही तिथे. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारलंत, "गुरुजी, वर्षाला किती हरवली तर चालतील?" नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग मुक्कामी एसटीने पेटी येऊ लागली. सुतळीने आवळलेली, वर तुमच्या अक्षरातली यादी. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं आणि पुढे तिथल्या खेड्यापाड्यांत अशाच पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या, हे तुम्हीच सांगितलंत. त्यांच्यामागे संस्थान होतं. तुमच्यामागे 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान, त्यातून निघणारं तुटपुंजं मानधन आणि ओळखीचा कंडक्टर.

पण पेटीपेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच घडली. तुम्ही एकदा शाळेत आलात, पोरांना गोल बसवलंत आणि एक गोष्ट वाचून दाखवलीत. आवाज बदलणं नाही, हातवारे नाहीत, सावकाश वाचन. गोष्ट संपली तशी पोरं सावरून बसली. आता मॅडम विचारणार: तात्पर्य काय? यातून काय शिकलात? पुढच्या रांगेतल्या एकीने तर बोट वर करून ठेवलं होतं. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "दुसरी वाचू?" त्या पोरीचं बोट बराच वेळ तसंच वर राहिलं.

वाचन गोड लागावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण प्रत्येक घासाला परीक्षा लावली तर पोर पानावरून उठणारच. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, पोरं रांगेत पुस्तकं धरून बसतात, फोटो निघतात. एक दिवस का होईना, पुस्तकं बाहेर येतात, म्हणून माझी तक्रार नाही. पण तुम्ही घालून दिलेले नियम मला जास्त पटले. पुस्तक ज्याचं त्याने निवडायचं. आवडलं नाही तर अर्ध्यात ठेवायचं, कारण सांगायचं नाही. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा न्यायचं असेल तर खुशाल न्यायचं. चौथीतल्याने नुसत्या चित्रांचं उचललं तरी "हे लहान मुलांचं आहे" असं म्हणायचं नाही. आणि रोज शाळा सुटायच्या आधी मोठ्याने वाचायचं, ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठीसुद्धा.

तिसरीतला एक मुलगा जोडाक्षर आलं की अडायचा आणि पुस्तक खाली ठेवायचा. "त्याला अभ्यासात काय जमत नाही ते राहू द्या, आवडतं काय?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, साप. पुढच्या पेटीत सापांवरचं जाडजूड, मोठ्यांचं पुस्तक आलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या पानांसाठी तो जोडाक्षरांशी झटला. कोकणात लाकडं उचलताना हाताखाली फुरसं असू शकतं, तेव्हा हे वाचन त्याला घरच्या कामाचं वाटलं असणार. गेल्या पावसाळ्यात पडवीत धामण निघाली, तर काठी घेऊन धावलेल्या बापाला त्यानेच अडवलं: बिनविषारी आहे, उंदीर खाते, जाऊ दे.

फाटलेल्या पुस्तकांचंही सांगतो. पहिली पानं निघाली तेव्हा मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही चिकटपट्टी लावू नका म्हणालात. ती पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन निघते. मैद्याची खळ शिजवायला सांगितलीत. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. पण ते विषारी, आणि पोरं बोट तोंडात घालून पान उलटतात, तेव्हा ते अजिबात नको, हेही बजावलंत. आता शनिवारी चौथीची मुलं दुरुस्ती करतात. आपण चिकटवलेलं पुस्तक दुसऱ्याने दुमडलं की केवढी भांडणं होतात!

'किशोर'चे जुने बांधीव अंक तुम्ही दिलेत, ते शाळेबाहेरही फिरतायत. मुलांचं हे मासिक 1971 साली सुरू झालेलं. काही आईबापांना आपल्या लहानपणचे अंक सापडले. एका घरी नात रात्री आजीला वाचून दाखवते. आजी सही करत नाही, अंगठा लावते, पण अंक परत करायची तारीख तिलाच पाठ असते.

म्हणून ताई, मनापासून आभार. माझे, सहशिक्षिकेचे, पोरांचे, आणि त्या आजींचे.

या महिन्याची पेटी उद्या सकाळच्या गाडीने निघेल. दोन पुस्तकं कमी आहेत. एक कुणाच्या तरी मामाकडे गेलंय, दुसऱ्याचा तपास सुरू आहे. सापवाल्याचा निरोप: आता कोळी हवेत, रंगीत चित्रांचे, आणि पुस्तक मोठ्यांचं असलं तरी चालेल.

आपला,
वाडीवरच्या शाळेतला गुरुजी