सशर्त सुटका म्हणजे स्वातंत्र्य नव्हे

म्यानमारच्या लष्करी राजवटीने कैद्यांना दिलेल्या माफीचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. सुटलेल्यांच्या कुटुंबीयांचा आनंद मोलाचा आहेच, पण या माफीला उदारपणा म्हणणे मला मान्य नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या सत्तांतरानंतर तिथे राजकीय कैद्यांना बहुधा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ खाली सोडले जाते, म्हणजे सुटलेला माणूस पुन्हा दोषी ठरला, तर नव्या शिक्षेबरोबर माफ झालेली उरलेली शिक्षाही त्याला भोगावी लागते. ज्याने सरकारविरुद्ध बोलल्यामुळेच तुरुंगवास भोगला, त्याच्यासाठी ही अट गप्प राहण्याचीच अट ठरते.

शिवाय, न सुटलेल्यांचे काय? जुलै २०२२ मध्ये माजी खासदार फ्यो झेया थॉ आणि ज्येष्ठ कार्यकर्ते को जिमी यांच्यासह चौघांना फाशी देण्यात आली, तीही लष्करी न्यायाधिकरणाच्या बंद दाराआडील खटल्यानंतर, आणि त्यांचे मृतदेहदेखील कुटुंबीयांच्या हाती दिले नाहीत. लोकमान्य टिळकांना मंडालेला धाडणारा १९०८ चा खटला अन्यायकारकच होता, तरीही तो मुंबईच्या उच्च न्यायालयात उघडपणे चालला आणि त्यांचा बचाव जगाला कळला. म्यानमारच्या कैद्यांना तेवढेही मिळालेले नाही. म्हणून भारत सरकारने तेथील राजवटीशी बोलताना बिनशर्त सुटकेची आणि इनसीनसह सर्व तुरुंगांत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला प्रवेश देण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी.

– एक वाचक, पुणे