मोरचुदाचं पाणी

प्रिय बंड्या,

तीन महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत बरी, गुडघा तसाच. लिहितोय ते मात्र वेगळ्याच कारणाने, घरात हे कुणाला सांगून कळायचं नाही.

आपल्या तळीतल्या गोगलगाई मेल्या. माझ्या हातून.

पंधरा दिवसांपूर्वी पोफळींवर बोर्डो हे बुरशीनाशक मारलं. नेहमीचंच, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. फळं कुजवणाऱ्या कोळे रोगाला दुसरं काय करणार? संध्याकाळी पिंप आणि पंप धुवायला तळीच्या पायरीवर मीच बसलो. सकाळी बघतो तर लिम्निया जातीच्या गोगलगाई पाण्याच्या वर वीतभर चढलेल्या. श्वासाला त्या पृष्ठभागाशी येतात, छिद्र उघडतात, परत खाली जातात. ह्या पाणीच सोडून निघाल्या होत्या रे! दुसऱ्या जातीच्या, बेलामिया, तळाशी शिंपल्याचं झाकण लावून पडलेल्या. चार दिवसांनी झाकणं उघडी आणि वास.

प्रयोगशाळेत आपण ९६ तासांत अर्ध्या मरतील ती मात्रा काढत होतो, तेव्हा तू भांडलास, "तळ्यात काय ९६ तासांनी घड्याळ थांबतं?" मी तुला रडका म्हटलं, दोन दिवस डबा वेगळा खाल्ला आणि तुझ्या आईच्या भरल्या वांग्यांना मुकलो. तुझंच खरं होतं. मोरचुदातलं तांबं नष्ट होत नाही, गाळात बसतं. त्यात आपलं जांभ्याचं पाणी मऊ, असल्या पाण्यात ते जास्तच बाधतं. परीक्षेत लिहिलं होतं मी हे!

चार-दोन लिम्निया जगल्यात. एकटी उरलेलीही स्वतःच्या बळावर अंडी घालते, म्हणून रोज पानं उलटून ती जेलीची पट्टी शोधतो. अजून एकही नाही. ही म्हणते, गेल्या ते बरं, गुरांच्या यकृतातला कृमी लिम्नियांतूनच येतो. तेही खोटं नाही. पण बेलामियांनी गुरांचं काय केलं होतं?

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांचा निकाल कळव.

तुझ्या काचेच्या टाकीत इथून नेलेल्यांची पिल्लावळ आहे ना अजून? इतक्यात आणू नकोस. आधी सांग, गाळ उपसू का? ढवळला तर तांबं पुन्हा पाण्यात येईल, ही भीती वाटते. ठेवला तर नवी पिल्लं त्याच गाळावर चरणार. पाऊस तोंडावर आलाय, तळी भरली की काही करता येणार नाही. लगेच लिही, नाहीतर फोन कर.

तुझा,
अवी