जहाजाच्या प्रतिकृतीवर पुट्टीचे पांघरूण नको

माननीय संपादक महोदय,

हस्तकला प्रदर्शनांत लाकडी जहाजांच्या प्रतिकृती पाहताना एक उणीव मला सतत खटकते. बाहेरच्या फळ्या सरसकट एकाच रुंदीच्या चिकटवून फटी पुट्टीने बुजवलेल्या असतात आणि वर जाड रंग फासलेला असतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लहान असल्यामुळे फळ्या टोकाकडे निमुळत्या कराव्याच लागतात, नाहीतर त्या एकमेकींवर चढू लागतात. मी सांगाड्याच्या प्रत्येक आडव्या चौकटीवर उरलेली जागा कागदाच्या पट्टीने मोजून उरलेल्या फळ्यांच्या संख्येने भागतो, फळी कोमट पाण्यात भिजवून वाकवतो आणि डावी-उजवी बाजू आलटून पालटून लावतो, कारण एकच बाजू आधी पूर्ण केली तर कणा पिळवटतो.

रंगही पातळ हातांनीच चढवावा. पांढऱ्या पट्ट्यावर टेप लावून तिच्या कडेवरून आधी पांढराच हात फिरवावा. मग वरून दिलेला काळा रंग आत झिरपत नाही.

जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. ज्या शहराच्या सुतारांनी हे घडवले, तेथील मुलांना फळी नीट तासायला शिकवलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. परीक्षकांनी फळ्यांच्या जोडणीसाठी वेगळे गुण ठेवावेत, आणि शक्यतो रंग देण्यापूर्वीच प्रतिकृती पाहावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुंबई