पाण्याच्या पलीकडच्या मृणालताई

संपादक महोदय,

समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. त्यात पाण्यासाठीचा हंडा मोर्चा आला, महागाईविरुद्धचा लाटणे मोर्चा आला आणि १९७७ ची ती घोषणाही आली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. (पाणीवाली बाई म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी.) आम्ही जुने गोरेगावकर ती अजूनही हसत हसत एकमेकांना ऐकवतो. तक्रार एवढीच, की लेख तिथेच थांबला. रस्त्यावरच्या मृणालताई सर्वांना ठाऊक आहेत. सभागृहातल्या मृणालताईंची आठवण फारसे कुणी काढत नाही.

गर्भजल तपासायचे आणि मुलगी निघाली की गर्भपात करायचा, हा धंदा १९८० नंतरच्या काळात मुंबईत राजरोस चालत असे. आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. (पाच लाख कसले, हे मुलीच्या बापाला सांगावे लागत नसे.) स्त्री-संघटनांनी याविरुद्ध रान उठवले आणि १९८५ मध्ये पुन्हा आमदार झालेल्या मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. विरोधी बाकांवरून आलेले असले विधेयक संमत होणे दुर्मीळच. पण एकदा विषय पटलावर आला की सरकारला तोंड चुकवता येत नाही. अखेर १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग चाचण्यांना वेसण घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा व्हायला १९९४ उजाडले. डॉक्टरांच्या धंद्याला हात घालणाऱ्या या बाई एके काळी वैद्यकीयच्या विद्यार्थिनी होत्या आणि राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी ते शिक्षण सोडले होते, हेही लेखात यायला हवे होते.

ग्रामपंचायत, १९६१ साली महापालिका, १९७२ साली विधानसभा, १९७७ साली लोकसभा, आणि पुन्हा विधानसभेत आल्यावर विरोधी पक्षनेतेपद. मधल्या काळात देऊ केलेले केंद्रातले आरोग्यमंत्रिपद त्यांनी नाकारले. आज नगरसेवकाला आमदारकीचे वेध लागतात ते मंत्रिपदासाठीच, म्हणून सांगितले.

विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत त्यांची भाषणे आहेत. येत्या २४ जूनला, त्यांच्या जन्मदिनी, त्यातले एखादे आपल्या पुरवणीत पूर्ण छापावे, ही विनंती. आणि त्यासोबत हंड्याचा फोटो नको.

— एक वाचक, गोरेगाव