चार मिनिटे वीस सेकंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शंभर वॉटच्या कम्युनिटी रेडिओ केंद्रातही आता मिक्सर, प्लेआउटचा (तयार कार्यक्रम वाजवणारा) संगणक, फोनचा हायब्रिड (फोनवरचा आवाज मिक्सरला देणारी पेटी) आणि ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या आवाजाचा प्रोसेसर एकाच इथरनेट स्विचला, म्हणजे यंत्रांचे जाळे सांधणाऱ्या पेटीला, जोडलेले असतात. महाविद्यालये आणि संस्था अशा स्टुडिओची निविदा काढतात तेव्हा मिक्सरच्या तपशिलाला दोन-तीन पाने मिळतात आणि स्विचला एक ओळ: ‘24 पोर्ट गिगाबिट स्विच, 1 नग’. पुढची बरीच डोकेदुखी या एका ओळीतून निघते. ती हस्तांतराच्या दिवशी कोणाला दिसत नाही, याचे कारण साधे आहे. प्रात्यक्षिक दोन मिनिटांत उरकते आणि बिघाड उगवायला चार मिनिटे वीस सेकंद लागतात.

हा आकडा कुठून आला ते सांगतो. स्टुडिओतला आवाज बहुधा मल्टिकास्टने जातो, म्हणजे एकाने पाठवायचे आणि ज्याला हवे त्याने मागून घ्यायचे. कोणत्या पोर्टने (केबल लावायच्या खाचेने) काय मागितले याची वही स्विच ठेवतो. त्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. ही नोंद कायमची नसते. नेटवर्कात कोणीतरी दर 125 सेकंदांनी ‘अजून हवे आहे का?’ असे विचारायचे असते आणि यंत्रांनी 10 सेकंदांच्या आत ‘हो’ म्हणायचे असते. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. दोन फेऱ्या आणि वरचे 10 सेकंद, असे 260 सेकंद उत्तर आले नाही की स्विच ती नोंद खोडतो. घरगुती किंवा ऑफिसच्या जाळ्यात हे काम राउटर करून टाकतो. स्टुडिओचे जाळे वेगळे ठेवलेले असते (ठेवावेच), तिथे राउटर नसतो, आणि स्नूपिंग चालू करणारा कंत्राटदार क्वेरिअर चालू करायला विसरतो. मग मिक्सर सुरू केल्यावर सगळे ठणठणीत वाजते आणि 260 सेकंदांनी स्टुडिओ गप्प होतो. यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा वाजते, त्यामुळे दोष बिचाऱ्या मिक्सरच्या माथी येतो. उपाय एका टिचकीचा आहे: मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू करून त्या स्विचला त्याच जाळ्यातला स्थिर आयपी पत्ता द्यायचा. आयजीएमपीची आवृत्ती 2 ठेवावी.

काही जण वैतागून स्नूपिंगच बंद करतात. ते महागात पडते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट आणि 1 मिलिसेकंदाचे पॅकेट धरले तर एका स्टिरिओ प्रवाहाला, पॅकेटवरची वेष्टणे मिळून, सुमारे 3 मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. असे 40 प्रवाह प्रत्येक पोर्टवर ओतले की 120 मेगाबिट झाले. गिगाबिट पोर्टला त्याचे काही वाटत नाही. पण 100 मेगाबिटवर चालणारा जुना फोन हायब्रिड तिथेच गुदमरतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. प्रत्येक यंत्र आवाजाचे नमुने (सेकंदाला 48 हजार) स्वतःच्या घड्याळावर मोजते; दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखात दहाचा फरक असला, तरी सेकंदाला जवळपास अर्धा नमुना मागेपुढे होतो. घेणाऱ्या यंत्रातला 48 नमुन्यांचा साठा शंभर सेकंदांत रिकामा होतो किंवा ओसंडतो. ठरावीक अंतराने ‘टक्’ ऐकू येत असेल तर माइक बदलत बसू नका, घड्याळ बघा. पीटीपीमध्ये, म्हणजे जाळ्यातली घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीत, प्रमुख घड्याळ निवडताना पहिला निकष ‘प्रायॉरिटी 1’ हा असतो. आकडा जितका लहान तितका मान मोठा. कारखान्यातून बहुतेक यंत्रे 128 वर येतात. सगळ्यांचा आकडा सारखा आणि बाकीच्या निकषांतही बरोबरी, तर शेवटी यंत्राच्या ओळख क्रमांकावर निवड होते, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखेच. मिक्सरच्या इंजिनाला 100, राखीव यंत्राला 110 द्यावे, बाकीच्यांना हात लावू नये. शिवाय स्विचवरचे वीज वाचवणारे ‘ग्रीन इथरनेट’ सगळ्या पोर्टवर बंद करावे. पॅकेट नसताना ते पोर्टला डुलकी घेऊ देते आणि घड्याळाची पॅकेटे वेळेवर पोचत नाहीत.

डान्टे आणि एईएस67 या जाळ्यावरून आवाज पाठवण्याच्या दोन पद्धती; दोन्हींची यंत्रे एकाच स्विचवर असतील तर प्राधान्याचा (कोणते पॅकेट आधी सोडायचे याचा) तक्ता हाताने भरावा लागतो. डान्टे घड्याळाला 56 आणि आवाजाला 46 हा डीएससीपी (पॅकेटवर लिहिलेला प्राधान्याचा) क्रमांक देते. एईएस67 च्या शिफारशीत 46 हा घड्याळाचा आणि 34 आवाजाचा. केवळ डान्टेपुरता तक्ता भरला तर एईएस67 चा आवाज साध्या फायलींच्या रांगेत उभा राहतो. म्हणून 56 सर्वांत वर, त्याखाली 46, मग 34, आणि उरलेले तळाला. एकाच 46 मध्ये एकाचे घड्याळ आणि दुसऱ्याचा आवाज राहतो खरा. लहान केंद्रात, गिगाबिटवर, ते निभते.

आता आपल्याकडचा खास प्रश्न: लाइट. अनेक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण ‘सेव्ह’ केल्याशिवाय टिकत नाही. दुपारी लाइट गेली, पाच मिनिटांत आली, पण सेटिंग काही परत आली नाहीत. स्विचही मिक्सरच्याच यूपीएसवर हवा, आणि सेटिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर, केंद्राच्या कपाटात. कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. पासवर्डचेही तेच.

म्हणून निविदेत स्विचपुढे एवढे लिहावे: मॅनेज्ड, आयजीएमपी स्नूपिंग व क्वेरिअरसह, डीएससीपीनुसार चार रांगा, ग्रीन इथरनेट बंद करण्याची सोय. बिलावर सही करण्याआधी तीन चाचण्या घ्याव्यात. सर्व प्रवाह सुरू करून कशालाही हात न लावता अर्धा तास ऐकावे. मग प्रमुख घड्याळाची केबल काढून राखीव यंत्र जबाबदारी घेते का, ते पाहावे. शेवटी यूपीएससकट सगळ्याची वीज तोडून पुन्हा द्यावी, आणि कोणीही कळफलकाला हात न लावता आवाज ट्रान्समीटरपर्यंत पोचतो का, हे घड्याळ लावून मोजावे. आणि हो, मिक्सरपासून ट्रान्समीटरपर्यंत साध्या एक्सएलआर (माइकला लावतात तशा) केबलची एक जोडी टाकून ठेवायला सांगा, तिच्यावर चिठ्ठीही चिकटवा. स्विचच जळला तर त्या दिवशीच्या बातम्या तिच्यावरून जातील.

आपला,
एक प्रसारण अभियंता, पुणे