‘हो, येतं’ याच्या पुढचं लिहायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी तुम्हाला फोन केला खरा, पण रडूच जास्त आलं आणि बोलायचं राहून गेलं. म्हणून हे उघड पत्र. अपंगत्वाच्या सरकारी मदतीचा अर्ज हातात घेऊन कुणी माझ्यासारखं बसलं असेल, तर त्यांनीही ते वाचावं.

पहिला अर्ज नामंजूर झाल्यावर मी तुमच्यापुढे येऊन बसले. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, शिवणकाम कधीच सुटलेलं. ‘खोटं सांगणाऱ्यांना मिळतं, आपल्याला नाही,’ म्हणून मी तणतणत होते. तुम्ही वाद घातला नाहीत, अर्जाची प्रत मागितलीत. त्यात मी उत्तरं लिहिली होती: कपडे घालता येतात का? हो. स्वयंपाक करता येतो का? हो. पेन धरता येतं का? हो. सगळं वाचून म्हणालात, “हे वाचून मीसुद्धा नामंजूरच केला असता.” तेव्हा तुमचा फार राग आला होता, आज सांगते.

मग तुम्ही मला स्वेटरची बटणं काढून पुन्हा लावायला सांगितलीत आणि घड्याळ समोर ठेवलंत. पाचच बटणं. बोटांची टोकं जुळत नाहीत म्हणून मी अंगठ्याच्या मुळाशी बटण दाबून काजात ढकलत होते. चौथं तीनदा निसटलं. नऊ मिनिटं लागली. “आता लगेच पुन्हा एकदा,” म्हणालात. दुसऱ्या बटणालाच हात थांबले. तुम्ही हळूच म्हणालात, “तुम्ही लिहिलेलं ‘हो’ खरंच आहे. पण त्याच्या पुढचं लिहिलंच नाहीत. किती वेळ लागतो, कशाचा आधार घ्यावा लागतो, नंतर काय होतं, आणि उद्या पुन्हा जमेल का?”

ताई, या चार प्रश्नांनी माझा अर्ज बदलला. आजाराचं नाव लिहिलं की काम झालं, अशी माझी समजूत होती. पण एकाच नावाचा आजार असलेली दोन माणसं, एक नोकरी करते, दुसऱ्याला पेलाही धरवत नाही. अर्ज तपासणाऱ्याला त्यांतलं आपण कोण, हे कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केलेलं वर्गीकरणही निदानापाशी थांबत नाही, माणसाला काय करता येतं आणि कुठे अडतं हे बघतं, असं तुम्ही समजावलंत.

दवाखान्याच्या कागदांचं तर मला भानच नव्हतं. दर भेटीत डॉक्टर विचारायचे, कसं आहे? मी म्हणायचे, बरं आहे. उगाच त्यांना कशाला त्रास! तेच ‘बरं आहे’ वर्षानुवर्षं फाइलमध्ये जमत गेलं. ‘प्रकृती स्थिर’ असाही शेरा होता. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ आजार आणखी वाढलेला नाही, वाचणाऱ्याला मात्र वाटणार बाई ठणठणीत आहे. तुमच्या सांगण्यावरून मी रोजची वही लिहायला घेतली. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, संधिवातावरची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी कशी मळमळ होते, कोणतं काम अर्ध्यावर सोडलं. ती वही घेऊन गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हे मला आजवर सांगितलंच नाहीत.” पकड किती वेळ टिकते, महिन्यातले किती दिवस हात कामाचे राहत नाहीत, हे सगळं त्यांनी पत्रात लिहून दिलं.

एकदा मी चिडून ‘मला काहीच करता येत नाही’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत. चांगल्या दिवशी मी भाजी चिरते, मग तेही लिहायचं, आणि असे दिवस किती येतात तेही. अर्ज एक बोलतो आणि दवाखान्याचे कागद दुसरंच, असं दिसलं की खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

मी तर नवा अर्ज भरायला निघाले होते. नामंजुरीच्या पत्रातलं अपिलाच्या मुदतीचं वाक्य तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. नव्या अर्जाने पहिल्या अर्जाची तारीख हातची जाऊ शकते, आधी अपील करा, आणि त्यांनी दिलेल्या प्रत्येक कारणाला कागदानिशी उत्तर द्या, म्हणालात. मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

आणखी एक. हे सगळं भीक मागितल्यासारखं वाटतं, असं मी एकदा म्हणाले. तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं २८वं कलम काढून वाचायला दिलंत. सामाजिक संरक्षण हा तिथे हक्क म्हणून लिहिला आहे. मी ते दोनदा वाचलं. तपासणीला गेले तेव्हा खाली मान घालून बसले नाही. ‘बरं आहे’ हे शब्द तोंडावर आले होते, तेही गिळले.

पुढे फेरतपासणी होईल तेव्हा लागेल म्हणून वही चालूच ठेवली आहे. कालच्या पानावर आहे: पाच बटणं, अकरा मिनिटं, शेवटचं मुलीने लावलं.

तुमचे मनापासून आभार, ताई.

तुमचीच,
शिवणकामवाली