माउझलच्या कोळ्याचे पत्र आणि तुमची वही

पेन्झान्स, कॉर्नवॉल
दि. 10 मार्च

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या आठवड्यात फोनवर मी कॉर्निश भाषेच्या बैठकीला जाते असे सांगितले, तेव्हा तुम्ही विचारलेत की जी भाषा बोलणारी माणसे अडीचशे वर्षांपूर्वी संपली, ती शिकून या लोकांच्या पदरात काय पडते. आईने मागून "तिला आधी वेळेवर जेवायला सांगा" म्हटल्यामुळे विषय तिथेच राहिला, पण खरे तर मला उत्तर सुचले नव्हते. परवा रविवारी पेरनपोर्थच्या वाळूत दोन तास चालताना ते थोडेफार सुचले, म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसले आहे.

नकाशात इंग्लंडचे जे नैर्ऋत्येचे टोक समुद्रात शिरलेले दिसते, ते कॉर्नवॉल. इथली मूळ भाषा कॉर्निश, तिच्या स्वतःच्या बोलीत केर्नेवेक, ही इंग्रजीच्या कुळातली नव्हे. वेल्श आणि फ्रान्समधली ब्रेतों या तिच्या सख्ख्या बहिणी. 1549 साली प्रार्थना इंग्रजीतूनच करण्याची सक्ती झाली, तेव्हा इथल्या लोकांनी बंड केले, ते चिरडले गेले आणि चर्चमध्ये जागा न मिळालेली भाषा पुढे बाजारातूनही हटत गेली. अठराव्या शतकात ती उरली ती अगदी पश्चिमेकडच्या कोळीवाड्यांत.

त्यांतला एक कोळीवाडा माझ्या खोलीपासून तासाभराच्या चालीवर आहे. त्याचे नाव लिहिताना उंदराचे बीळ असे लिहितात आणि उच्चारताना माउझल असे उच्चारतात. तिथली डॉली पेंट्रीथ नावाची मासे विकणारी बाई 1777 च्या डिसेंबरात वारली आणि केर्नेवेक जन्मभाषा असलेली ती शेवटची व्यक्ती, असे परंपरेने सांगतात. तिच्या स्मरणार्थ 1860 साली नेपोलियनच्या एका भाषापंडित पुतण्याने शेजारच्या पॉल गावच्या चर्चपाशी दगड बसवला. तो मी पाहून आले. पण मला चटका लावून गेला तो डॉलीचा नव्हे, त्याच गावच्या विल्यम बोडिनार नावाच्या कोळ्याचा मजकूर. लंडनहून चौकशी करणाऱ्या एका विद्वानाला त्याने 1776 साली केर्नेवेक आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पत्र लिहिले. माझे वय पासष्ट, मी गरीब कोळी आहे, असे तो सांगतो. लहानपणी मी वडिलांबरोबर आणि आणखी पाच जणांबरोबर होडीत जात असे आणि आठवडा आठवडा होडीत इंग्रजीचा शब्द कानावर पडत नसे. केर्नेवेक पुस्तक मी कधी पाहिलेले नाही. म्हाताऱ्या माणसांबरोबर समुद्रावर जाऊन मी ही भाषा शिकलो. आता गावात ती बोलणारे चार-पाचच उरले आहेत, तेही ऐंशीच्या घरातले. तरुण माणसे ती पार विसरली आहेत. एवढेच पत्र आहे आणि त्यात तक्रारीचा एकही सूर नाही.

तुमचा प्रश्न, बाबा, इथेही जुनाच आहे. हेन्री जेनर या गृहस्थांनी 1904 साली केर्नेवेक शिकण्याचे पुस्तक काढले, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तो स्वतःच विचारला आहे. यात पैसा नाही, व्यवहारात उपयोग नाही, वाङ्मयही थोडे आहे, मग कॉर्नवॉलच्या माणसाने ही भाषा का शिकावी? त्यांचे उत्तर एका ओळीचे आहे: कारण तो कॉर्नवॉलचा आहे. मला हे उत्तर ऐटदार वाटले, पण पुरेसे वाटले नाही, कारण मी कॉर्नवॉलची नाही आणि तरीही दर मंगळवारी जाते.

त्या बैठकीला 'येथ अन् वेरिन' म्हणतात, म्हणजे लोकांची बोली. एका पबच्या मागच्या खोलीत सात-आठ माणसे जमतात, तासभर इंग्रजी बंद ठेवायचे एवढाच नियम. आमच्यात एक निवृत्त वायरमन आहेत, एक प्राथमिक शिक्षिका आहे आणि आजोबांबरोबर येणारी एक शाळकरी मुलगी आहे. पहिल्या दिवशी माझ्याजवळ 'दीद दा' या नमस्कारापलीकडे काही नव्हते, म्हणून त्यांनी मला अंक म्हणायला बसवले: ओनन, देऊ, त्री, पेस्वर, पिम्प, व्हेग, सेथ, एथ, नाऊ, देग. सेथला मी थबकले आणि न राहवून मराठीत म्हटले: सात, आठ, नऊ, दहा. वायरमनकाकांनी पुन्हा म्हणायला लावले. मग दात म्हणजे दान्स, नाव म्हणजे हानो, असे आम्ही तासभर शोधतच राहिलो आणि त्या दिवशीचा नियम पार मोडला. इथे रेडरूथ नावाचे खाणींचे गाव आहे; त्यातला 'रेड' म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार आणि 'रूथ' म्हणजे तांबडा, आपल्या रुधिर शब्दाच्याच मुळातला. तुमच्या संस्कृतच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलीला हे पबमध्ये बसून कळावे, याचे तुम्हांला हसू येईल.

शुद्धलेखनाची भांडणे मात्र आपल्याला लाजवतील अशी आहेत. बोलणारे मूठभर आणि लेखनपद्धती तीन-चार, असे वर्षानुवर्षे चालले होते. अखेर 2008 साली सर्वांसाठी एक प्रमाण लेखन ठरले, तरी आमच्या टेबलावर अजून कोणी ना कोणी जुन्या पद्धतीचा कैवार घेतोच.

आता परवाच्या रविवारविषयी. 5 मार्च हा सेंट पिरन यांचा दिवस. कथिल काढणाऱ्या खाणकामगारांचे ते संत. आयर्लंडमधल्या लोकांनी त्यांना जात्याला बांधून समुद्रात लोटले आणि जाते तरंगत पेरनपोर्थला लागले, अशी कथा आहे. त्यांच्या चुलीच्या काळ्या दगडातून तापून पांढरे कथिल वाहिले, म्हणून इथला झेंडा काळा आणि त्यावर पांढरा क्रूस. तसे शेकडो झेंडे घेऊन लोक वाळूच्या टेकड्यांवरून चालतात आणि वाटेत थांबून थांबून गावकरीच संताचे चरित्र नाटकासारखे करून दाखवतात. वारा इतका होता की संवाद अर्धे कळत होते आणि जाते झालेला पुठ्ठा दोनदा उडाला. शेवटी सारे जण त्यांच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या अवशेषांपाशी पोहोचतात. जपणुकीसाठी ते 1980 साली मुद्दाम वाळूत पुरून टाकले होते आणि 2014 साली पुन्हा उघडले. मी तिथे उभी असताना शेजारची बाई आपल्या नातवाला केर्नेवेकमध्ये मोजायला लावत होती. तो पिम्पपर्यंत आला आणि अडला.

जूनमध्ये टेकड्यांवर होळ्या पेटतात. ही प्रथा 1929 साली जुन्या परंपरा जपणाऱ्या मंडळांनी पुन्हा सुरू केली. आशीर्वाद केर्नेवेकमध्ये म्हणतात आणि एक स्त्री चांगल्या-वाईट वनस्पतींची जुडी आगीत टाकते. सप्टेंबरात निळे झगे घातलेल्या कवी-कार्यकर्त्यांचे संमेलन भरते, 1928 पासून चालत आलेले. झगे मला थोडे नाटकी वाटतात, पण आपल्या संमेलनांतले फेटे तरी दुसरे काय असतात?

हे सगळे फार भरभराटीचे आहे असे मात्र समजू नका. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून 563 माणसांनी कॉर्निश ही आपली मुख्य भाषा लिहिली. 2016 साली सरकारने भाषेचे अनुदान बंद केले, तेव्हा बरेच काम लोकांनी पदरमोड करून रेटले. आणि बैठकीत वाद रंगला की आम्ही सगळे इंग्रजीतच भांडतो. डॉली केर्नेवेकमध्ये लोकांना फैलावर घेत असे म्हणतात. ते वळण शिकवणीने परत येत नाही, हे वायरमनकाकाही मान्य करतात.

पण एक शब्द मात्र कोणी न शिकवता टिकला. पूर्वी कड्यावर राखणदार बसत आणि पाण्यात माशांचा थवा दिसला की "हेव्वा!" अशी आरोळी देत, मग खाली जाळी सुटत. ती मासेमारी संपली, पण बायका तेव्हा भाजत असलेल्या चपट्या केकला आजही हेव्वाच म्हणतात आणि त्यावर सुरीने जाळ्यासारख्या रेघा मारतात. तो खाताना मला वेंगुर्ल्याची रापण आठवली आणि आठवले की तुम्ही काकाआजोबांबरोबर लहानपणी होडीत जात होता. तुमच्या तोंडून तांडेल, मतलई, भांग हे शब्द मी ऐकले, ते तुम्ही आबाकाकांशी मालवणीत बोलत असताना, दाराआडून. आम्हां भावंडांशी तुम्ही कायम पुस्तकी मराठीत बोललात. त्यामागची काळजी मला कळते आणि तिच्यामुळेच मी इथवर आले, हेही कळते. तरी मालवणी मला समजते, बोलता येत नाही.

म्हणून एक मागणे आहे. दादा तुम्हांला दोनशे पानी वही आणून देईल. होडीचे भाग, जाळ्यांचे प्रकार, वारे, पाण्याचे रंग, माशांची नावे, काकाआजोबा रागावले की देत त्या शिव्यासुद्धा, जसे आठवेल तसे त्यात लिहा. रोज पाच ओळी पुरेत. आई, तुझे आणि यांचे जिथे पटणार नाही तिथे तू समासात आपला शब्द लिही. मी मे महिन्यात येईन, तेव्हा लोणी घालून केलेला हेव्वा घेऊन येईन आणि वही तुमच्यासमोर बसून मोठ्याने वाचीन. उच्चार चुकला की थांबवा.

आणि बाबा, शब्द बोलता तसेच लिहा, शुद्ध करू नका.

तुमची,
मनू